राहुकाळाआधी घेतलेली गाडी

कृष्णरावांनी मोटार घ्यायची ठरवली तेव्हा कुंभकोणातल्या त्यांच्या निम्म्या ओळखीच्यांनी त्यांना हुशार म्हटलं. उरलेल्यांनी, समया विकून माणसाला इतकं चढतं का, म्हणून नाकं मुरडली. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते घरात ठाऊक होतं, आणि घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची थोरली बहीण सरस्वती.

कारण होतं गोमती, कृष्णरावांची एकुलती एक लेक. ती रांगत होती तेव्हा तिची आई गेली. त्याच वर्षी सरस्वतीचा नवरा वारला आणि ती भावाच्या घरी आली. देवाने तिचं कुंकू पुसलं आणि लगोलग ही पोर मांडीवर ठेवली. या देवाणघेवाणीचा अर्थ त्याचा त्यालाच कळो. सरस्वतीने गोमतीच्या वेण्या घातल्या, तिला घरातली मराठी आणि रस्त्यावरची तमिळ दोन्ही शिकवली, आणि तिरुनीलक्कुडीच्या नटराजाशी तिचं लग्न लागलं तेव्हा स्वयंपाकघरात बसून नादस्वरम ऐकलं. विधवेने मांडवात येऊ नये, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गोमती पहिल्यांदा गरोदर असताना दिवाळीला माहेरी आली होती. परत निघाली तेव्हा बैलगाडी जुंपून दारात उभी होती. सरस्वती नेहमीप्रमाणे आत होती. पण लोणच्याची बरणी राहिली हे ध्यानात आलं आणि ती कसलाही विचार न करता बरणी घेऊन धावली ती थेट बैलांच्या पुढून. दुसरा कालवा ओलांडताना गाडीला हिसका बसला आणि गोमतीच्या पोटात कळ आली. मूल गेलं. घरात त्या बरणीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही, आणि सरस्वतीला तो न काढलेला शब्द रोज ऐकू येत राहिला. त्यानंतर कुणी घराबाहेर पडायचं असलं की ती मागच्या अंगणात विहिरीपाशी जाऊन उभी राहायची.

आता गोमतीला पुन्हा दिवस होते, सातवा सरत आला होता. ही पोर बैलगाडीत बसणार नाही, असं कृष्णरावांनी देवापुढे सांगितलं होतं. बसमध्ये उभं राहायला जागा नसते, आणि भाड्याची मोटार ऐन वेळी कुणाच्या तरी लग्नात असते. म्हणून आपली गाडी हवी, लहान का असेना. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; पण फुंकायचं कुठे आणि घोट घ्यायचा कुठे, हेच कृष्णरावांना उमगलं नाही.

बघायला गाड्या मिळाल्या दोन. पहिली निवृत्त तहसीलदार हनुमंतरावांची. करड्या रंगाची, डोक्याला बसकी, जागोजाग रंग उडालेली. गुरुवारी संध्याकाळी हनुमंतरावांनी ती दारात आणून उभी केली. बघण्याचाच कार्यक्रम होता, कुणी निघायचं नव्हतं, तेव्हा सरस्वतीही ओसरीच्या खांबाआड येऊन उभी राहिली. कृष्णरावांनी आपल्या धंद्याच्या सवयीने मडगार्डवर बोटाची पेरं वाजवून पाहिली. नाचियार्कोविलची समई ते अशीच घेत. ओतीव पितळ खणखणीत बोललं तर माल चोख. गाडी ठण्ण बोलली. दार उघडलं तर पुरतं उघडलं, बैठक खाली होती, आणि अवघडलेल्या बाईला पाय फार उचलावा लागणार नाही एवढं सरस्वतीने तेवढ्यात पाहून घेतलं. गाद्या मात्र फाटलेल्या होत्या आणि आत तेलाचा वास होता.

हनुमंतराव तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, नुसती बघून गाडी घेऊ नका, सोयरीकसुद्धा अशी करत नाहीत. माझ्याबरोबर बसा, साक्कोट्टैपर्यंत जाऊ, पूल चढू, उतरू, उतारावर थांबवून बघा. उद्या पूजा आटोपून साडेदहाला येतो.

उद्या शुक्रवार, आणि शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. लेकीच्या बाळंतपणासाठी घ्यायची वस्तू राहुकाळात चालवून बघायची, ही कल्पनाच कृष्णरावांना सहन होईना. त्यांनी मान हलवली आणि कळवतो म्हणाले. हनुमंतराव हसून गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या गाडीचा दलाल वैद्यनाथ. त्याला गिऱ्हाइकाची नाडी बरोबर कळायची. त्याने आपणहून सांगितलं, शुक्रवार चांगला, पण साडेदहाच्या आत विडा देऊन सौदा पक्का होऊन जाऊ द्या. आणि आला तो दहा वाजून गेल्यावर, घाम पुसत, उशीर झाला म्हणून हात जोडत. गाडी हिरवीगार, नव्या रंगाची, आतल्या गाद्या पिवळ्या. गल्लीतल्या बायका दारांत आल्या. शेजारचा चंद्रमौली म्हणाला, घ्यायची तर असली घ्यावी, नाहीतर ती तहसीलदाराची म्हातारी. कृष्णरावांचा चेहरा उजळला.

आज मात्र सौदा होता, शुभकार्य होतं. सकाळीच त्यांनी बहिणीला फार मऊ आवाजात सांगितलं होतं, "अक्का, आज थोडें आंत रहा." सरस्वतीने मान डोलावली होती. ती माजघराच्या खिडकीतून बघत होती, गजांच्या मागे, अर्ध्या उघड्या झडपेआडून.

कृष्णरावांनी या गाडीवरही पेरं वाजवली. दारापाशी ती नीट बोलली, पुढच्या मडगार्डावर मात्र मातीच्या गाडग्यासारखा बद्द आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. वैद्यनाथ म्हणाला, परदेशी पत्रा जाड असतो. कृष्णरावांनी जन्मभर आवाजावर माल घेतला होता, पण मोटार काही समई नव्हे असं त्यांनी मनाला समजावलं आणि हात खिशात घातला. सरस्वतीने दार बघितलं. ते उलट्या बाजूने उघडत होतं, बैठक उंच होती. गोमतीला चढताना आधार लागेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तेवढ्यात गाडी चालवणारा माणूस खाली उतरला.

तो माणूस तिने पाहिला होता.

संक्रांतीच्या आधीच्या प्रदोषाला ती दोन बायकांबरोबर साक्कोट्टैच्या शिवाला गेली होती. परतताना पुलाखाली माणसं जमली होती. एक काळी लहान मोटार कालव्यात नाक खुपसून पडली होती आणि तिला बैल लावून ओढत होते. रस्त्यावर गवताचा भारा विस्कटला होता. गवतवाल्या म्हातारीला कडेला निजवलं होतं आणि तिच्या तोंडावर कुणीतरी पंचा टाकला होता. गाडीवाला धुळीत बसून एकच सांगत होता, पाय दाबला तर पेडल खालच्या फळीला जाऊन टेकलं, ब्रेक लागलाच नाही. डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रण, एक कान किंचित तुटका. तोच हा. दलालाने त्याला सुब्रह्मण्य म्हणून हाक मारली. गाडीसोबत ड्रायव्हरही ठेवून घ्या, चांगला हात आहे, असं तो कृष्णरावांना सांगत होता.

पुढचं दार उघडलं होतं. दाराची आतली कड रंगवायची राहिली होती. ती काळी होती.

सुब्रह्मण्याने सहज वर बघितलं आणि त्याची नजर खिडकीवर थांबली. त्या दिवशी सरस्वतीने त्याला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं होतं. त्याने तिला ओळखलं, हे तिला कळलं. मग त्याने मान खाली घातली आणि फडक्याने काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

सरस्वतीने खिडकी सोडली. ती दाराकडे वळली. ओसरीपर्यंत पाच-सात पावलांचं अंतर, हाक मारली तरी ऐकू जाईल एवढं. ती उंबऱ्यापर्यंत गेलीही. बाहेर कृष्णराव गाडीत बसायला निघाले होते, कपाळाला विभूती, हातात पानसुपारीचं तबक. आता आपण बाहेर पाऊल टाकलं तर आपण पहिल्यांदा दिसणार त्यांना, गोमतीसाठी निघताना. बैलांच्या पुढून जाणारी ती बरणी तिला दिसली. तिला कुणी अडवलं नव्हतं, दाराला कडी नव्हती. तिचा पायच उचलेना. गाडी सुरू झाली आणि ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. याचा मला आजही राग येतो, पण त्या घरात, त्या बाईच्या जागी दुसरं कोण काय करणार होतं, तेही मला सांगता येत नाही.

गाडी महामखाच्या तळ्याला एक चक्कर मारून आली. सपाट रस्ता, हलका वेग, दोन वळणं. जास्त लांब जायला वेळच नव्हता, राहुकाळ तोंडावर आला होता. वैद्यनाथाने उशिरा येऊन तेवढंच साधलं होतं. सव्वादहानंतर विडा झाला, नारळ फुटला, चारही चाकांखाली लिंबं चिरडली गेली. कृष्णराव घामाघूम आणि आनंदी होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गत व्हायला इतका कमी वेळ लागतो.

दुपारी जेवताना सरस्वतीने सगळं सांगितलं. कालवा, म्हातारी, ब्रेक, व्रण, दाराची काळी कड. कृष्णरावांचा घास हातातच राहिला. ते तसे दुष्ट नव्हते, ते घाबरले. उठून बाहेर गेले आणि त्यांनी सुब्रह्मण्याला तमिळमध्ये विचारलं, साक्कोट्टैच्या पुलापाशी तू होतास का. तो म्हणाला, नाही अय्या. नजर मात्र त्याने पायातल्या चपलेवरून हलवली नाही. मग वैद्यनाथाला बोलावलं. तो हसला, काळ्या लहान मोटारी जिल्ह्यात ढीगभर आहेत म्हणाला, आणि बायकांची नजर लांबून असते, असं वर सांगून गेला. कृष्णरावांना नेमकं हेच ऐकायचं होतं. पदरी पडलं पवित्र झालं, दुसरं काय.

पुढचे दिवस गाडी दारात उभी होती. सकाळी ती थोडी मागेपुढे केली की मागच्या चाकापाशी जमिनीवर एक ओला, काळपट डाग दिसायचा. कामवाली त्यावर शेण फिरवून कोलमची रांगोळी काढायची, आणि दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा असायचा. दिवस फटफटायच्या आधी सुब्रह्मण्य बॉनेट उघडून एका लहान डब्यातून काहीतरी ओतायचा आणि डबा पिशवीत लपवायचा. सरस्वती विहिरीवर जाताना हे बघायची. एकदा ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि हळूच विचारलं, हे काय ओततोस. त्याने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, अम्मा, मला तीन लेकरं आहेत, ही जागा वैद्यनाथांनी लावून दिली आहे, मला विचारू नका.

डाग आणि डबा दोन्ही त्या ब्रेकपायीच, हेही तिने भावाला सांगितलं. बुधवारी सकाळी गोमतीला आणायला जायचं ठरलं होतं आणि हा मंगळवार होता. कृष्णराव देवघरातून बाहेर येत होते. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दोन वर्षं घरात कुणी न काढलेला शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

"मागल्या खेपेस बरणी घेऊन आलीस. आतां ह्या गाडीस तरी तोंड लावूं नको, अक्का."

बोलून गेल्यावर त्यांचाच चेहरा पडला. ते काहीतरी सावरून बोलायला गेले, पण सरस्वती आत गेली होती. तिला रडू आलं नाही. तिला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की आपण मरून जाऊ. प्रत्यक्षात ते ऐकल्यावर डोकं एकदम मोकळं झालं. भाऊ तिच्या बोलण्याला थांबणार नव्हता. मग तो कशाला थांबेल? तो राहुकाळाला थांबतो. पाल चुकचुकली तर थांबतो. वाटेत विधवा आडवी आली तर माघारी फिरतो, घरात येऊन पाणी पितो, आणि त्या दिवशी जात नाही. आजवर तिने ही आपली छाया सगळ्यांपासून लपवली होती. ती कामाला येईल हे तिला कधी सुचलं नव्हतं.

एक दिवस टळला तर काय होईल, याचाही तिने विचार केला. तेवढ्यात ती हनुमंतरावांकडे जाणार होती. ते फटकळ, पण त्यांचं कृष्णराव ऐकतील. ते गाडी पुलावर नेऊन दाखवतील. आणि आडवं आल्याचा दोष? तो गोमतीला लागू नये म्हणून ती संध्याकाळी कुंभेश्वराला नवस बोलली. दोष माझ्या अंगावर घे, म्हणाली.

बुधवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. कृष्णरावांनी नवं उपरणं घेतलं, गोमतीला टेकायला दोन उशा मागच्या बैठकीवर ठेवल्या. निघताना त्यांनी आत वळून बघितलं. अक्का दिसली नाही, विहिरीपाशी असेल. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सरस्वती विहिरीपाशी नव्हती. ती मागच्या दाराने बाहेर पडून बोळातून गल्लीच्या टोकाला आली होती, जिथे गल्ली देवळाच्या मोठ्या रस्त्याला मिळते. तिथे रस्ता किंचित उतरतो. ती कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. येणारेजाणारे तिच्या पांढऱ्या लुगड्याकडे बघून जरा बाजूने जात होते. आज तिला त्याचं काही वाटलं नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग ती दिसली, हिरवी, उन्हात चकाकणारी, लोक वळून बघत होते. वेग फार नव्हता, पण उतारावर तो वाढत होता.

ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

आणि तिला हवं होतं तेच झालं. कृष्णरावांनी तिला पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यांनी हात वर केला आणि सुब्रह्मण्याच्या खांद्यावर ठेवला. काचेतून त्यांचे ओठ हलताना तिला दिसले. थांबव, ते म्हणत होते. गाडी फिरव, घरी चल. तिच्या मनात आलं, फिरला, माझा भाऊ फिरला.

मग तिने सुब्रह्मण्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. त्याचा गुडघा वर येत होता आणि खाली जात होता, पुन्हा वर, पुन्हा खाली. गाडी तशीच येत होती.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. पाच दिवस ती ज्या ब्रेकबद्दल सांगत होती, त्याच ब्रेकच्या भरवशावर ती इथे येऊन उभी राहिली होती. माणसाला थांबवायचा उपाय तिने इतका नीट शोधला की गाडी थांबणार नाही, हेच ती विसरली. ती मघाच्या भिंतीकडे धावली, पण उशीर झाला होता. सुब्रह्मण्याने चाक पुरतं फिरवलं. गाडी कोपऱ्यावरच्या घराच्या दगडी ओट्यावर आदळली, आणि आदळताना तिच्या पुढच्या मडगार्डने सरस्वतीला कमरेखाली धरून ओट्याच्या कडेशी दाबलं. मडगार्डावरचा हिरवा रंग आणि त्याखाली चेप बुजवायला भरलेलं लुकण पोपडे होऊन खाली पडलं. आत काळा, चेपलेला पत्रा होता.

लोक धावले. गाडी मागे ढकलली. कृष्णरावांचं कपाळ फुटलं होतं, पण ते बाहेर आले आणि रस्त्यावर बसून त्यांनी बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. सरस्वतीला दुखत नव्हतं. कमरेखाली तिला काहीच कळत नव्हतं. मागच्या बैठकीवरच्या उशा उघड्या दारातून रस्त्यावर येऊन पडल्या होत्या आणि तिला त्या नीट दिसत होत्या, रिकाम्या, गोमतीशिवाय. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

कृष्णराव काहीतरी बोलत होते, पुन्हा पुन्हा तेच. मी फिरलों होतों, अक्का, मी फिरलों होतों. तिने डोळ्यांनीच हो म्हटलं. कुणीतरी तिला पाणी पाजलं. कुणी म्हणालं, मोठ्या इस्पितळात न्या, कुणी म्हणालं, हलवू नका. सुब्रह्मण्य गाडीच्या दाराला धरून उभा होता आणि जो जवळ येईल त्याला साक्कोट्टैच्या म्हातारीचं सांगत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सरस्वतीने भावाचा हात ओढला. आवाज इतका बारीक होता की त्यांना खाली वाकावं लागलं.

"गोमतीस सांगूं नको, मी आडवी आलें मणून. ती भिईल."

 कृष्णरावांनी तिचा पदर सारखा केला, खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या पायांवर घातलं, आणि जमलेल्यांपैकी दोघांना घरून खाट आणायला पाठवलं.